उजवं चाक जड फिरतंय

मंगळवार, ४ मार्च

ही डायरी बॅटरीवाल्यांनी मामाला फुकट दिली, तीही गेल्या वर्षीची. वार सगळे चुकीचे छापलेत. मी रोज छापलेला वार खोडून वर खरा लिहिणार. प्रत्येक पानाखाली 'आमची बॅटरी, जन्माची सोबत' असं आहे. मामा म्हणतो, दोन वर्षंसुद्धा टिकत नाही.

मामी म्हणाली, "तोंडाने बोलत नाहीस तर हाताने तरी बोल." म्हणून लिहितेय. मी सतरा वर्षांची आहे. नववीत शाळा सोडली. दोन वर्षं मामाच्या गॅरेजमध्ये काम करते. डोंगरावरून येणारा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथेच आमचं गॅरेज आहे.

आज कप्तान आला होता. कप्तान म्हणजे वरच्या वस्तीच्या गाडीचा ड्रायव्हर. कायम टोपी घालतो म्हणून कप्तान. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, पण चारही चाकांनी जोर लावते, म्हणून फक्त तीच वर चढते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती वस्तीतले चार किडनीचे पेशंट शहरातल्या दवाखान्यात मशीनवर नेते आणि संध्याकाळी परत आणते. आज त्यांना मशीनवर सोडून कप्तान रिकामी गाडी घेऊन दोन तास मागे आमच्याकडे आला. सोबत कोणी नव्हतं ते बरं झालं. त्या चौघांत आमचे गणिताचे सर असतात. ते आले की मी टायरच्या थप्पीमागे जाते.

कप्तान म्हणाला, "मिस्त्री, पुढून आवाज येतोय. चीं चीं चीं. बॉनेटमध्ये चिमणीने संसार थाटल्यासारखा."

मामाने आधी इंजिन बंद करायला लावलं. म्हणाला, "हां, आता बोल." हल्ली त्याचं हे नवीन आहे. म्हणतो, माणूस आणि गाडी एकदम बोलायला लागले की दोघांचंही कळत नाही. कप्तानने परत सांगितलं. मग मामा माझ्याकडे वळला. "काय म्हणाला हा? तू सांग."

हेही हल्लीचंच. गिऱ्हाईक जे बोलेल ते मी मामाला परत सांगायचं, म्हणजे मला कळलं का ते तो बघतो. गॅरेजचा फोनही मीच उचलायचा. माझी भीड मोडायची आहे म्हणे. फोन वाजला की मी आधी पाच रिंगा मोजते, मग उचलते.

मी सांगितलं. मामा म्हणाला, "माझ्याकडे तोंड करून बोल गं. जमिनीला काय सांगतेस?"

मग आम्ही तिघं गाडीतून पुलापर्यंत जाऊन आलो. मी मागे बसले होते. कप्तान दर दोन मिनिटांनी म्हणायचा, "हे बघा! आलं! ऐका!" मामा डोळे मिटून बसला होता. मला तर स्पष्ट ऐकू येत होतं. बारीक, कोरडा आवाज. गाडी जोरात गेली की भरभर, हळू झाली की हळू.

मामा डोळे उघडून म्हणाला, "म्हातारीची हाडं आहेत रे, वाजणारच."

कप्तान म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला ऐकू नाही आलं म्हणजे माझाच भ्रम असणार." आणि तो खरंच थोडा खूश झाला. मामाचे कान म्हणजे इथे देवाचा शब्द. नुसता आवाज ऐकून इंजिनातला कितवा वॉल्व्ह सैल आहे ते सांगायचा.

मामाला ऐकू आलं नाही असं कसं होईल? त्याला तो आवाज महत्त्वाचा वाटला नसेल.

बुधवार, ५ मार्च

कप्तानचं मन काही मानलं नाही. आज सकाळी परत गाडी घेऊन आला आणि उद्या दुपारपर्यंत ठेवून गेला. जाताना मला म्हणाला, "काय मांजरे, आज तरी म्याव कर की." मी नट आवळायचे पाने पुसत राहिले.

मामा म्हणाला, चीं चीं म्हणजे पुढच्या शाफ्टचा क्रॉस कोरडा पडला असणार. गियरबॉक्समधून पुढच्या चाकांकडे जो लांब दांडा जातो, त्याचा सांधा म्हणजे क्रॉस. कोरडा पडला की असाच चिवचिवतो हे खरंय.

पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. मामा खाली गेला. मी सहज डावं चाक हाताने फिरवलं. पाच-सहा गिरक्या घेऊन थांबलं. उजवं तेवढ्याच जोराने फिरवलं. दीड गिरकी, की थांबलं. परत फिरवलं. परत दीड.

मी वाकून म्हटलं, "मामा, उजवं चाक जड फिरतंय."

खालून मामाची हातोडी चालूच.

आता खरं ते लिहिते. इथे कोणी वाचणार नाही. पंधरा फेब्रुवारीला याच गाडीच्या पुढच्या चाकांची बेरिंगं आम्ही साफ करून बसवली होती. ग्रीस मी भरलं होतं. मोठा नट मामाने आवळला होता. मामा नट कानाने आवळतो. थोडा आवळायचा, हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागावर, हातोडीच्या दांड्याने टकटक करायचं, ऐकायचं. आवाज 'टण्ण' येतो तोवर आवळायचं. 'ठक' झाला की थांबायचं आणि थोडं मागे सोडायचं. तो म्हणतो, "नट स्वतः बोलतो, बस झालं म्हणून."

त्या दिवशी डाव्या चाकाला बरोबर झालं. उजव्या चाकाचा आवाज 'ठक' झाला आणि मामा थांबलाच नाही. अजून पाव फेरी आवळलं. परत टकटक. अजून थोडं. मी शेजारी उभी होते. मी म्हटलं, "मामा, जास्त घट्ट झालं वाटतं." त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला कानकोंडं झालं. दोन वर्षं काम केलेली मी, तीस वर्षं काम केलेल्या माणसाला शिकवायला निघाले. मग त्याने शेवटी वळून विचारलं, "बरोबर?" तर मी मान हलवली. हो म्हणून.

मी हो म्हटलं.

आणि दुसरं म्हणजे ग्रीस. घाईत उजव्या बेरिंगला कमी तर भरलं नाही ना मी? आठवत नाही. चाक उघडलं आणि आत कोरडं निघालं तर? मग तो माझाच गुन्हा. आज परत बोलले नाही त्यात हेही कारण आहे. लिहून टाकलं.

गुरुवार, ६ मार्च

नवीन क्रॉस बसवला. मामा खूश. गाडी पुलापर्यंत नेऊन आणली. तो म्हणाला, "गेली चिमणी!"

गेली नाही. आज चिमणी अजून जोरात होती.

परत आल्यावर मी पुढच्या चाकांशी बसले. या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एक गोल कळ असते. ती 'फ्री' वर असली की चाक नुसतं आपल्या बेरिंगवर फिरतं. आतला दांडा, शाफ्ट, क्रॉस, सगळे झोपलेले असतात. वर चढताना कप्तान खाली उतरून ती कळ 'लॉक' करतो, तेव्हा ते जागे होतात.

कळ 'फ्री' वर होती. काल, परवा, आज, तिन्ही वेळा. म्हणजे क्रॉस फिरतच नव्हता. जो फिरत नाही तो ओरडेल कसा? आवाज चाकातूनच येतोय.

हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. बोलायला पाहिजे होतं. कप्तान गाडी न्यायला आला होता, मामा त्याच्या पाठीवर थाप मारून हसत होता, कॉम्प्रेसर चालू होता. मी मामाच्या मागून म्हटलं, "मामा, कळ फ्रीवर आहे." मागे वळला नाही. दुसऱ्यांदा म्हणणार तोवर गाडी रस्त्याला लागली.

मामी ताटं वाढताना म्हणाली, "चेहरा का पडलाय?" मी काही नाही म्हटलं. ती म्हणाली, "बोलणाऱ्याचे कुळीथही खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात." मामीकडे प्रत्येक भाजीबरोबर एक म्हण असते. मामा जेवता जेवता बातम्या लावून बसला होता. इतक्या मोठ्याने, की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

शुक्रवार, ७ मार्च

गाडी सकाळी साडेआठला गॅरेजसमोरून शहराकडे गेली. पुढे सर बसलेले दिसले. संध्याकाळी पावणेसहाला वर गेली. मी दोन्ही वेळा रस्त्याच्या कडेला उभी होते. मामी विचारत होती, "कोणाची वाट बघतेस गं?"

आमच्यापुढे शहराच्या वाटेवर मोठा उतार आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. चाक तिथे जाम झालं तर काय होईल ते मी लिहिणार नाही.

शनिवार, ८ मार्च

गाडीचं जुनं पुस्तक आमच्या कपाटात पडलंय. आज ते काढलं. मला वाचायला आवडतं, फक्त मोठ्याने वाचायला सांगू नये. शाळा त्यावरच सुटली. उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की माझे शब्द मला एकटीलाच ऐकू जायचे. सर म्हणायचे, "मोठ्याने. शेवटच्या बाकापर्यंत." शेवटचा बाक हसायचा. एक दिवस गेले नाही, मग दुसरा दिवस, मग सोपंच झालं. सरांचा राग नाही. उत्तरं मला येत होती, ते त्यांना माहीत होतं. म्हणूनच जास्त उभं करायचे.

पुस्तकात एक चित्र आहे. चाकाच्या बोल्टला दोरी गुंडाळलीय आणि दोरीला ताणकाटा लावून ओढताहेत. भाजीवाले हातात धरून वजन करतात तो काटा. चाक फिरायला किती ओढ लागते ते बघायचं आणि त्यावर नट किती आवळायचा ते ठरवायचं. खाली आकडे दिलेत. मी हे चित्र मामाला गेल्या वर्षी दाखवलं होतं. तो पोट धरून हसला होता. "चाक काय कोबी आहे का, तोलून घ्यायला? कान कशाला दिलेत?"

सोमवार, १० मार्च

आज फोन आला. मीच उचलला, दुसरं कोण उचलणार.

कप्तान म्हणाला, "मांजरे, मिस्त्रींना सांग. चिमणी गेली. आता जातं आलंय. घर्र घर्र. आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढतंय."

मी फोन ठेवला आणि सरळ आत गेले.

मामा जेवत होता. मी समोर जाऊन सगळं सांगितलं. त्याने माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकलं. म्हणाला, "उद्या जाता जाता दाखव म्हणावं. ब्रेक चिकटत असेल." आणि ताटात बघायला लागला.

मी म्हटलं, "मामा, ब्रेक नाही, बेरिंग आहे. तेव्हा जास्त आवळलं गेलं."

तो भात कालवत राहिला.

मामीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "परत सांग त्याला. जोरात सांग."

मामा एकदम चिडला. "ऐकलंय मी! बहिरा आहे का?" ताट सरकवून उठला. मामीने आज म्हणही सांगितली नाही, ताट उचलून नेलं.

त्याने ऐकलं आणि तरी काही बोलला नाही. म्हणजे त्याला माझं म्हणणं मूर्खपणाचं वाटतंय. नाहीतर त्याला माहीत आहे की ग्रीस मी भरलं होतं, आणि मामीसमोर मला बोलायचं नाही.

उद्या गाडीत चौघं असतील. मशीनची वेळ साडेदहाची. वेळ चुकली तर पुढची पाळी शुक्रवारी. सर एकदा एक पाळी चुकले होते तेव्हा पाय भोपळ्यासारखे सुजले होते, मामीने सांगितलं होतं. म्हणजे गाडी थांबवली आणि मी चुकीची निघाले, तर ते माझ्यामुळे. आणि नाही थांबवली, आणि मी बरोबर निघाले, तर तेही माझ्यामुळे.

मंगळवार, ११ मार्च

हात भाजलाय, अक्षर वाकडं येईल.

गाडी सव्वाआठला आली. लांबूनच ऐकू येत होती. आमच्या अंगणात, म्हणजे गॅरेजपुढच्या मोकळ्या जागेत, कप्तानने थांबवली पण इंजिन बंद केलं नाही. "मिस्त्री, पटकन बघा, वेळ नाही." मागे तीन पेशंट. पुढे सर, मांडीवर डबा, टोपीची कानपट्टी खाली ओढलेली.

मी थप्पीमागे गेले नाही.

मामा बॉनेटजवळ उभा राहिला. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याची मूठ कानाला लावली, टोक एकदा ब्रेकच्या पाइपला, एकदा स्प्रिंगच्या पाट्याला, एकदा हबला. एवढा वेळ मी त्याला कधी ऐकताना बघितलं नव्हतं. त्याच्या कपाळाला घाम आला होता. मग ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "ब्रेकच आहे. जा. संध्याकाळी येताना सोडून जा गाडी."

मी म्हटलं, "थांबा."

कोणालाच ऐकू गेलं नाही. इंजिन चालू होतं.

मी डाव्या चाकाशी बसले, हबवर हात ठेवला. गरम. डोंगर उतरून आलं की असतंच, ब्रेकने तापतं. हात ठेवता येत होता. मग पळत उजव्या बाजूला. तळहात टेकवला आणि चर्र झालं. ओरडले बहुतेक. तेही कोणाला ऐकू गेलं नाही.

कप्तानने गियर टाकला. मला काय झालं माहीत नाही. गाड्या मागेपुढे सरकू नयेत म्हणून आम्ही चाकाला लाकडी ठोकळे लावतो, ते बाजूलाच पडले होते. दोन्ही उचलले आणि पुढच्या चाकांपुढे सारले. गाडीने धक्का खाल्ला आणि बंद पडली.

"कोणी लावले रे ठोकळे?" कप्तान ओरडला. "मांजरे! वेडी झालीस का? चार माणसं आहेत आत!"

मामा तरातरा माझ्याकडे आला. चेहरा लाल. माझ्या तोंडातून शब्द निघेना, नेहमीसारखंच. मग मी त्याचा हात धरला. मामाचा हात मी लहानपणानंतर कधी धरला नव्हता. ओढत डाव्या चाकाकडे नेला आणि हबवर टेकवला. मग ओढत उजवीकडे नेला आणि टेकवला.

त्याने झटक्यात हात मागे घेतला. बोटांकडे बघितलं. माझ्या तळहाताकडे बघितलं.

आता इंजिन बंद होतं. सगळं शांत. सगळे माझ्याकडे बघत होते. वर्गासारखंच. मी मामाच्या तोंडाकडे बघून बोलले, आणि आवाज कुठून आला कोण जाणे:

"बेरिंग जास्त घट्ट आहे! उजवं! पंधरा तारखेपासून! मी तेव्हाच सांगितलं होतं!"

रस्त्यापलीकडच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

सरांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली होती. ते म्हणाले, "आलं ऐकू. बरोबर. बस खाली."

मी खरंच बसले. ठोकळ्यावर.

मामाने एक सेकंद फुकट घालवला नाही. बेकरीवाल्याची पावाची व्हॅन सर्व्हिसिंग करून उभी होती आणि बेकरीवाला ती न्यायलाच आला होता. मामा म्हणाला, "चौघांना दवाखान्यात सोडायचंय. साडेदहाच्या आत." बेकरीवाला म्हणाला, "अहो मिस्त्री, ती पावाची गाडी आहे, माणसांची नाही! मागे ट्रे आहेत!" मामा म्हणाला, "मग ट्रे काढ." आणि स्वतःच काढायला लागला. सर व्हॅनमध्ये चढताना म्हणाले, "चला, आज गरमागरम पोचू." दहा वीसला पोचले. बेकरीवाल्याचा फोन आला होता. मी उचलला. रिंगा मोजल्या नाहीत, हात इतका दुखत होता.

मग मामाने चाक उतरवलं. कप्तान, मामी आणि मी उभे होतो. हब बाहेर आलं आणि त्यातून बेरिंगचे तुकडे फडक्यावर पडले. रोलर धरून ठेवणारी जाळी फुटलेली. रोलर निळे पडलेले. मी फक्त ग्रीस शोधत होते. होतं. भरपूर होतं. जळून काळं डांबर झालं होतं, पण होतं. मला रडू आलं, ते हाताचं म्हणून खपलं.

कप्तानने टोपी काढली. "मिस्त्री, मोठ्या उतारावर..."

"जाम झालं असतं," मामा म्हणाला. "चाक जाम झालं असतं." मग थांबून म्हणाला, "माझ्या हाताने आवळलेलं."

कप्तान नवीन बेरिंग शोधायला आणि गाडी होईपर्यंत चौघांची खालीच राहायची सोय करायला मोठ्या रस्त्यावर बस पकडायला गेला. मामी माझ्या हाताला मलम आणायला गेली. मामा तसाच खाली बसून होता. मला म्हणाला, "त्या दिवशी मला सांगितलं होतंस?"

"हो."

"मी काय म्हणालो?"

"काहीच नाही."

"आणि नंतर?"

"जड फिरतंय म्हटलं होतं. आणि कळ फ्रीवर आहे म्हटलं होतं. आणि काल जेवताना."

तो बराच वेळ फडक्यावरचे रोलर एका ओळीत लावत बसला. मग विचारलं, "त्या दिवशी माझ्या कुठल्या बाजूला उभी होतीस?"

काय विचित्र प्रश्न. मी आठवलं. "उजव्या."

मामाने मान हलवली. एक रोलर उचलला, परत खाली ठेवला.

बुधवार, १२ मार्च

कप्तानने नवीन बेरिंग आणलं. मला म्हणाला, "मांजर म्हणत होतो, वाघीण निघाली." मी म्हटलं, "म्याव." तो एवढा हसला की ठसका लागला.

मामाने आज हत्यारांना हात लावला नाही. आलेल्या दोन गाड्या उद्या या म्हणून परत पाठवल्या. चहा गार झाला. दुपारी तो आणि मामी आतल्या खोलीत होते. मामी नेहमी ओरडून बोलते, आज हळू बोलत होती. नंतर बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण तोंड हसरं होतं. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "तीन वर्षांचं दुखणं, एका चटक्याने बरं व्हायला लागलंय." मामीच्या म्हणी मला सगळ्या कळत नाहीत. ही तिनेच बनवलेली असावी.

गुरुवार, १३ मार्च

मामा सकाळी भाजीवाल्याकडून ताणकाटा घेऊन आला. माझ्यापुढे ठेवला. "ते पुस्तक आण."

मी म्हटलं, "चाक काय कोबी आहे?" तोंडातून निघून गेलं. तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

बेरिंग मी भरलं. नट मी आवळला. उजवा हात पट्टीत, म्हणून मामा पाना धरत होता आणि मी सांगत होते. दोरी गुंडाळली, काटा ओढला. जास्त. थोडं मागे. परत ओढला. पुस्तकातल्या आकड्यावर काटा थरथरत थांबला. मग मी सवयीने हबवर टकटक केली. 'ठक'च्या अलीकडचं काहीतरी आलं. मामाने विचारलं, "काय म्हणतो नट?"

मी म्हटलं, "बस झालं म्हणतोय."

नट सुटू नये म्हणून त्याने लॉक वॉशर वाकवला. मग खडू घेतला आणि जमिनीवर, तो बसतो त्याच्या डाव्या बाजूला, एक गोल काढला. "इथे उभं राहायचं. कायम. आणि बोलायचं. मी गप्प बसलो तर परत बोलायचं, आणि तरी गप्प बसलो तर हात ओढायचा, परवासारखा."

मी म्हटलं, "माझा आवाजच बारीक आहे, मामा."

तो म्हणाला, "तुझा आवाज चांगला आहे गं." आणि खडू झटकत बसला.

चाकं फिरवून बघितली. डावं सहा गिरक्या. उजवं सहा.

शुक्रवार, १४ मार्च

आज आम्ही गाडीतून शहरात जाऊन आलो, मामा आणि मी. त्या चौघांबरोबर.

सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून उभा. म्हणाला, "तूही चल. तिथे डॉक्टर काय म्हणतात ते मला नंतर परत सांगायचं." मी मामीला विचारलं, "कसले डॉक्टर?" ती म्हणाली, "कानाचे." मी विचारलं, "कोणाच्या कानाचे?" तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा मला इंजिन बंद करायला लावणं आठवलं, आणि फोन, आणि बातम्या. एकेक करून, जॅकवरचं चाक फिरवल्यासारखं सगळं हळूहळू फिरून समोर आलं.

गाडीत मामा माझ्या उजव्या बाजूला बसला, म्हणजे त्याचा डावा कान माझ्याकडे. निघण्याआधी मी दोन्ही हबला हात लावला. सरांनी खिडकीतून विचारलं, "काय उत्तर?"

"दोन्हीकडे सारखं," मी म्हटलं. शेवटच्या बाकापर्यंत.

मोठा उतार सुरू झाला. कप्तानने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. सगळे ऐकत होते, मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

मामा माझ्याकडे झुकला. "येतोय का काही आवाज?"

मी नीट ऐकलं. टायरचा आवाज, पाट्यांची करकर, सरांच्या डब्यातला चमचा. पुढून काही नाही.

"नाही येत."

"नक्की?"

"नक्की."

त्याने डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले. पहिल्या वळणावर मला वाटलं, ऐकतोय. दुसऱ्या वळणावर तो घोरायला लागला. उतार संपेपर्यंत झोपला होता. मी जागी होते.